घर-अंगण : सशांच्या घरीं उंदीर

गेल्या महिन्यांत सांगलीकडील एका वाचक भगिनीचें पत्र आलें. मुलांच्या हट्टास्तव त्यांनीं अंगणांत ससे पाळले आहेत, आणि आतां पिंजऱ्याभोंवतीं रात्रीं उंदरांची येरझार सुरू झाली आहे. "यावर एखादें जालीम औषध असल्यास अवश्य कळवावें," असें त्या लिहितात. जालीम औषध मजजवळ नाहीं. परंतु हाच प्रसंग दोन वर्षांपूर्वीं आमच्या लवळ्याच्या घरीं येऊन गेला, आणि त्यांत जें कांहीं मी शिकलें तें एका मुक्या आईवर अन्याय करून शिकलें. म्हणून खासगी उत्तर न धाडतां येथेंच सविस्तर लिहितें.

लवळें हें मुळशी तालुक्यांतील गांव. पुण्याहून पश्चिमेस आलें कीं टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाच्या इमारती दिसतात, आणि पायथ्याशीं अजून भातखाचरें आहेत. आमचें घर अशाच एका खाचराच्या कडेला. मामंजी, सासूबाई, दोघे दीर, जावा व मुलें मिळून पंगतीस अकरा पानें मांडावीं लागतात. धाकट्या जाऊबाईंच्या मुलीनें, वय वर्षें नऊ, वाढदिवसास ससे मागितले आणि ते आले. पांढरी मादी ती कापशी, करडा नर तो भुऱ्या. धाकट्या भाऊजींनीं जुन्या फळ्यांची पेटी ठोकली, पुढच्या अंगास कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी मारली, आणि ती पेटी चार विटांवर, गोठ्याच्या भिंतीला टेकून, जाईच्या मांडवाखालीं ठेवली. सावली होती, शोभाहि होती. उंदरांची सोय याहून उत्तम कशी करतां आली असती, हें मला आजहि सुचत नाहीं.

पुढचें कळण्यासाठीं सशांविषयीं एक गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. मराठींत आपण 'ससा' या एकाच शब्दानें दोन निराळे प्राणी ओळखतों. माळावर पायांतून भुर्रकन् उठून पळतो, आणि ज्याची आकृति चंद्रावर पाहून आपल्या पूर्वजांनीं चंद्रास शशांक म्हटलें, तो आपला देशी ससा. तो बीळ खणीत नाहीं; गवतांत बैठक करून राहतो, आणि त्याचीं पिलें जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. (तो पकडून घरीं ठेवणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हें मुलांस सांगून ठेवावें.) बाजारांत मिळणारा पांढरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळांत राहणारा. त्याची मादी सुमारें एकतीस दिवसांनीं विते, आणि पिलें उघडीं, आंधळीं, बोटाएवढीं असतात. आई त्यांच्यापाशीं बसून राहत नाहीं. दिवसांतून एकदां, फार तर दोनदां येते, चारपांच मिनिटें पाजते आणि निघून जाते. रानांत ती जातांना बिळाचें तोंड मातीनें बुजवून जाते. आपण फिरत राहिलों तर शत्रूस पिलांचा माग लागेल, म्हणून दूर राहणें हेंच तिचें रक्षण. हा तिचा निष्काळजीपणा नव्हे, शहाणपण आहे. मात्र बिळाच्या जागीं आमची फळ्यांची पेटी आली कीं तेंच शहाणपण उलटें पडतें.

कार्तिकाचे दिवस होते. भात कापून, झोडून झाला होता आणि खाचरें उघडीं पडलीं होतीं. कापशीनें आपल्या छातीचे केस उपटून गवतांत मऊ घरटें केलें, आणि एके दिवशीं सकाळीं त्यांत सहा पिलें वळवळतांना दिसलीं. मुलीस आनंद आकाशांत मावेना. शाळेंतल्या मैत्रिणींना रविवारीं पिलें पाहावयास येण्याचें आमंत्रणहि गेलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं घरट्यांत दोनच पिलें होतीं. त्यांतलें एक मेलेलें, आणि त्याचा मागचा पाय नव्हता.

सासूबाईंनीं पाहिलें आणि म्हणाल्या, "आईनेंच खाल्लीं. वैरीण मेली!" या बोलण्यास कांहींच आधार नव्हता असें नाहीं. मेलेलें पिलूं मादी कधीं कधीं खाऊन टाकते, हें खरें आहे. शिवाय त्या दोन दिवसांत कापशी घरट्याकडे फिरकतांना कोणीं पाहिली नव्हती. मीहि मान डोलावली. घरांत वडील माणसांनीं एकदां निकाल दिला कीं पुरावा कोण पाहतो? उरलेलें एक पिलूं दुपारपर्यंत गेलें. पौडास एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे कापशीला देऊन टाकावयाचें ठरलें. तिला टोपलींत घालून टोपली ओटीवर ठेवली. मुलगी दिवसभर जेवली नाहीं. पण त्याहून मला लागलें तें हें, कीं ती टोपलीजवळून जातांना मान फिरवून जाऊं लागली. जिच्या कानाला हात लावल्यावांचून ती शाळेंत जात नसे, तिच्याकडे तिला पाहवेना.

दुसऱ्या दिवशीं पेंढा रचावयास एक कातकरी गृहस्थ आले. आमच्या भागांत भात निघाला कीं बांधांतल्या बिळांची माहिती यांच्याइतकी कोणाला नसते. घुशींनीं बिळांत सांठविलेलीं भाताचीं लोंबें खणून काढण्याचें काम त्यांच्या पिढ्यांनीं केलें आहे. एका बिळाला तोंडें किती, आणि कोणतें बुजविलें म्हणजे घूस कोणत्या तोंडानें बाहेर पडेल, हें ते बांधावर उभे राहून सांगतात. त्यांनीं पेटी भिंतीपासून ओढली. मागच्या कोपऱ्यांत फळी कुरतडून दोन बोटें सहज जातील एवढें भोंक पाडलेलें होतें, आणि त्याची कड तेलकट काळी झाली होती. भिंतीच्या मुळाशीं ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग होता. पेटीखालीं लेंड्या होत्या. उंदराच्या लहान, आणि त्यांतच घुशीच्या चांगल्या जाड. मग त्यांनीं आंतली वाटी उचलून हुंगली आणि मला म्हणाले, "घूस सशापायी नाय आली ताई, दाण्यापायी आली. ससं मागनं घावलं."

ती वाटी माझी होती. रात्रीं बिचाऱ्यांना भूक लागेल म्हणून भिजविलेले हरभरे आणि पोळीचे तुकडे मी रोज निजण्यापूर्वीं त्यांत घालीत असें. मुक्या जिवाच्या मुखीं घास पडतो याचें समाधानहि वाटे. शिवाय दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळीं मुलीनें विचारलेंहि होतें, "काकू, वाटी आंत आणूं का? तिथें रात्रीं कांहींतरी खुडबुडतें." मीं म्हटलें, "अंधारांत जाऊं नकोस." तिनें या बोलण्याची मला आठवण करून दिली नाहीं. ती नुसती टोपलीपाशीं गेली, कापशीला बाहेर काढून मांडीवर घेतलें आणि तिच्या कानांत बराच वेळ कांहींतरी पुटपुटत बसली. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलें, "चूक माझी झाली." वडील माणसांना हें वाक्य लहानांपुढें उच्चारण्याची संवय नसते, मलाहि नव्हती. सासूबाई आंतून म्हणाल्या, "पौडाला निरोप पाठवा, नको म्हणावें." त्यांचें माफी मागणें तेवढेंच, पण तें त्यांच्या मानानें पुष्कळ होतें.

आतां पत्राचें उत्तर. उंदीर बहुधा सशांसाठीं येत नाहींत; सशांसाठीं आपण जें मांडून ठेवतों त्यासाठीं येतात. म्हणून पहिलें काम पिंजऱ्याचें नव्हे, ताटाचें. सशाचें खरें अन्न गवत. ओलें किंवा सुकें गवत त्यास अष्टौप्रहर हवें, कारण त्याचें आंतडें सतत चालतें राहिलें पाहिजे. कांहीं तास उपास घडला तरी तो आजारी पडतो. सुक्या गवताकडे उंदीर खाण्यासाठीं ढुंकून पाहत नाहीं. तेव्हां रात्रीं पिंजऱ्यांत गवत भरपूर ठेवावें आणि दाणा, बाजारांतलें गोळीखाद्य, गाजराचे तुकडे, फळांच्या साली यांतलें कांहींहि ठेवूं नये. हें खाद्य सकाळीं बेताचें द्यावें आणि उरलें तें सूर्यास्तापूर्वीं आंत आणावें. पोळी, भात, भिजविलेले हरभरे हें तर सशाचें अन्नच नव्हे. त्यानें त्याचें पोट फुगतें. म्हणजे माझ्या त्या वाटीनें सशांचें अहितच होत होतें, आणि हित झालें तें केवळ घुशींचें. खाद्याचें पोतें गोठ्यांत न ठेवतां झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावें. प्लास्टिकचा डबा उंदीर एका रात्रींत पोखरतो. पिंजऱ्याखालीं सांडलेलें रोज झाडावें, आणि उष्टें-खरकटें टाकण्याचा खड्डा पिंजऱ्यापासून जितका दूर करतां येईल तितका करावा.

मग पिंजरा. षट्कोनी जाळी कोंबडीला आंत ठेवण्यासाठीं आहे, उंदराला बाहेर ठेवण्यासाठीं नाहीं. तिच्या भोंकांतून लहान उंदीर सरळ जातो आणि मोठा ती तार कुरतडतो. अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली, जाड तारेची चौकोनी जाळी घ्यावी. आणि ती खिळ्यांनीं न मारतां पट्टी लावून स्क्रूनें घट्ट बसवावी, कारण उंदराला आख्खी जाळी तोडावी लागत नाहीं, एक सैल कोपरा पुरतो. लांकडाच्या उघड्या कडा पत्र्यानें मढवाव्या. आमचा नवा पिंजरा असाच केला. खर्च जुन्याच्या चौपट आला आणि भाऊजी आठवडाभर त्याविषयीं बोलत होते.

उंदीर आणि घूस यांच्या रीति वेगळ्या, हेंहि ध्यानांत असावें. काळा उंदीर चढणारा. तो वेलीवरून, तारेवरून, भिंतीवरून येतो. घूस खणणारी, ती खालून येते. एकाच उपायानें दोघांस अडवूं म्हटलें तर एक आंत येणारच. म्हणून पिंजरा भिंतीपासून व झाडापासून निदान तीन फूट दूर ठेवावा, त्यावर वेलीची फांदी येऊं देऊं नये. जाईचा मांडव सोडतांना मला वाईट वाटलें, पण सावलीसाठीं वर गवताचें छप्पर केलें, तें पुरतें. उन्हाळ्यांत सावली हवीच. ससा उष्णतेनें फार लवकर दगावतो. पाय तीन फूट उंचीचे करून प्रत्येकास मधोमध पत्र्याची उलटी टोपी बसविली, म्हणजे वर चढणारा तेथें अडतो. मुलें ससे मोकळे सोडतात त्या कुंपणाच्या तळाशीं जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूस दीड फूट आडवी पसरून वर माती घातली. खणणारा प्राणी कुंपणाच्या मुळाशींच खणूं लागतो, त्याला नखाखालीं तार लागते. दीड फूट मागें जाऊन खणावें हें त्यास सुचत नाहीं.

पिंजरा उंच ठेवण्याची गोष्ट मामंजींना फारच पटली, आणि तिचें कारण निराळें. त्यांच्या आजोबांच्या तोंडून त्यांनीं पुण्याच्या प्लेगच्या हकीकती ऐकल्या होत्या. १८९६ सालीं मुंबईंत आणि लगेच १८९७ त पुण्यांत ती सांथ आली. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडून गांवाबाहेर झोपड्यांत जावयाचें, ही त्या वेळची रीत. पण उंदीर आणि माणूस यांत दुवा कोणता, हें सिद्ध होण्यास वर्षें लागलीं. फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनीं १८९८ सालीं उंदरांच्या पिसवांकडे बोट दाखविलें, तें बहुतेकांना पटलें नाहीं. पुढें मुंबईंत डॉ. लिस्टन यांच्या हातीं जो पुरावा लागला, त्यांत आजच्या विषयाशीं जवळचें असें कांहीं होतें: राणीच्या बागेंतील पाळीव गिनीपिग प्लेगनें मेले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सांपडल्या. गिनीपिग पिंजऱ्यांत होते, उंदीर बाहेर मेले होते. मधला प्रवास पिसवांनीं केला होता. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग-संशोधन मंडळानें याच गोष्टीचे पद्धतशीर प्रयोग केले. पिसवांनीं भरलेल्या खोलींत गिनीपिगांचे पिंजरे कांहीं जमिनीपासून दोन इंचांवर व कांहीं दोन फुटांवर ठेवले. दोन इंचांवरच्यांना रोग झाला, दोन फुटांवरचे वांचले. उंदराची पिसू वीतभरहि वर उडत नाहीं. आज प्लेगची भीति तेव्हांसारखी राहिलेली नाहीं, परंतु पिसू तीच आहे, आणि आमच्या पहिल्या पेटीखालच्या चार विटा चारच इंच उंचीच्या होत्या!

आजची खरी भीति आहे लेप्टोस्पायरोसिसची. उंदराच्या मूत्रांतून हा रोग पाण्यांत व चिखलांत उतरतो आणि पायावरच्या बारीकशा जखमेंतून माणसाच्या अंगांत शिरतो. भाताच्या चिखलांत काम करणाऱ्यांस तो होतो, तसाच ओल्या पिंजऱ्यांत हात घालणाऱ्या मुलासहि होऊं शकतो. म्हणून पाणी उघड्या वाडग्यांत न ठेवतां नळीच्या बाटलींतून द्यावें, पावसाळ्यांत मुलांनीं अनवाणी पिंजऱ्याकडे जाऊं नये, हातापायाला खरचटलें असेल त्या दिवशीं साफसफाई मोठ्यांनीं करावी, आणि ताप आल्यास वैद्यास उंदरांची गोष्ट आपण होऊन सांगावी. डॉक्टर विचारतील याची वाट पाहूं नये.

विषाबद्दल आमच्या घरांत बरीच वादावादी झाली. भाऊजींनीं झिंक फॉस्फाइडची काळी पूड आणण्याचें ठरविलेंच होतें. मीं विरोध केला, आणि त्याचीं कारणें अशीं. उंदीर विष खाऊन आपल्या बिळांतच मरतो असें नाहीं. तो पिंजऱ्याखालीं येऊन मरतो, कुत्र्याच्या तोंडीं जातो, घुबडाच्या पोटांत जातो. विषाचा दाणा ओढून तो सशांच्या गवतांतहि टाकतो, आणि ससा ओकूं शकत नाहीं. ज्या घरांत रांगतें मूल आहे त्या घरांत पिवळ्या फॉस्फरसचें मलम तर आणूंच नये; त्यास नेमका उतारा नाहीं. चिकट पुठ्ठ्यावर प्राणी दोन दोन दिवस तडफडत राहतो. तो प्रकार मुलांच्या डोळ्यांपुढें घडूं नये, एवढेंच म्हणतें. कापूर, पुदिना, मिरचीची धुरी हे उपाय पुष्कळ सांगतात. चार दिवस उंदीर बिचकतो आणि पांचव्या दिवशीं त्या वासासकट जेवतो. मांजर आणावें तर तें उंदराआधीं सशाचें पिलूं उचलील. धामण दिसली तर मारूं नये. ती बिनविषारी आहे आणि तिच्यासारखा उंदीर धरणारा दुसरा नाहीं. अर्ध्या इंचाच्या जाळींतून ती सशांपाशीं पोंचत नाहीं. सासूबाई गोठ्याच्या आढ्यावरच्या घुबडाला अपशकुनी म्हणत असत. हल्लीं त्या त्याच्याविषयीं गप्प बसतात.

उरला सापळा. तो लावावा, पण घाईनें नव्हे. उंदीर नव्या वस्तूपासून दोनचार दिवस दूर राहतो, म्हणून पिंजरा-सापळा भिंतीच्या कडेनें, त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर उघडाच ठेवावा. त्यांत भाजलेलें खोबरें किंवा भजें ठेवून तीन रात्रीं त्यास निर्धास्तपणें खाऊं द्यावें आणि चौथ्या रात्रीं चाप लावावा. पहिल्या खेपेस आम्हांला पांच उंदीर मिळाले. मात्र वाटी आंत येत नसेल तर सापळ्याचा उपयोग नाहीं. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळीं सहा-आठ पिलें देते. अन्न आहे तोंवर तुम्ही पकडाल त्याहून अधिक जन्मास येतील.

घुशीचें तें बीळ आम्हीं काचा व सिमेंट घालून बुजविलें. कातकरी गृहस्थांनीं त्याचीं तीन तोंडें दाखविलीं होतीं. आम्हांला एकच दिसलें होतें. यंदा चैत्रांत कापशीस पांच पिलें झालीं आणि पांचहि वाढलीं. त्यांतलीं दोन शेजारीं गेलीं आहेत, तीं जाळीसह. नुसतीं पिलें द्यावयाचीं नाहींत अशी मुलीची अट होती. घूस मात्र गेलेली नाहीं. महिन्यादोन महिन्यांनीं गोठ्यामागें मातीचा नवा ढीग दिसतो, मग भाऊजी सिमेंटची पिशवी काढतात. रोज रात्रीं पानावर बसतांना मामंजी विचारतात, "वाटी आली का आंत?" मुलगी म्हणते, "केव्हांच!" आणि मग पहिला घास घेतला जातो.